भरीत पार्टीचं तिकीट

मेहरूण, जळगाव
६ डिसेंबर २०२४

ती. कमलआत्यास,
रूपाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून हा कागद. आमच्या कॉलेजचा गेल्या वर्षी एका परदेशी विद्यापीठाशी करार झाला. आता खान्देशचा आर्थिक विकास आम्ही एमबीएवाले करणार. वर्षभरात शाली आणि फोटो यांचा बराच विकास झाला.

ज्याचा प्रकल्प पहिला, त्याला सहा महिने तिकडे शिकायला नेणार. जागा एकच, आणि ती मला हवीच आहे आत्या. मी तुझा भरिताचा धंदा घेतला. ‘स्थानिक भागीदार’ या रकान्यात ‘भरीत पार्टी, नरडाणा’ असं लिहून दिलं. पार्टी कशी चालते ते तुझ्या हातानं लिहून पाठव, पुरावा लागतो.

तुझ्या मायेची हावरी,
रूपा

नरडाणा, १२ डिसेंबर

चि. रूपास आत्याचे आशीर्वाद.

इकडे बठ्ठं बरं शे. भरिताला कसला गं पुरावा? कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजते, मिरची-लसूण घालून लाकडी बडगीत ठेचते. हिवाळ्यात साहेब लोक गाड्या भरून शेतावर येतात. पार्टीत राबणारी मी एकटी. बाकीचे येतात, खातात, जातात, वर्षभर तोंड दाखवत नाहीत.

तू गेलीस तर मला करमायचं नाही. तरी जा.

आत्याला विसरू नको,
कमल

जळगाव, २३ डिसेंबर

ती. आत्यास सा. न.

घोळ झाला. तिकडच्यांनी भरीत पार्टी म्हणजे राजकीय पक्ष धरला, आणि पक्षाशी भागीदारी त्यांना चालत नाही. तुझं पत्र भाषांतर करून पाठवलं, तर ‘येतात, खातात, जातात’ वाचून त्यांची खात्रीच पटली. माझं नाव यादीतून काढलं. रविवारी चौकशी समिती शेतावर येतेय. मला रडू आवरत नाही, तूच सांभाळ.

तुझीच,
रूपा

नरडाणा, ३० डिसेंबर

चि. रूपास अनेक आशीर्वाद.

समिती आली. दोन परदेशी, नऊ आपले. गोऱ्या बाईंचे नाक-डोळे वाहायला लागले, तरी तिसरी भाकरी मागितली. हा पक्ष नाही, जेवण शे, हे त्यांना दुसऱ्या घासाला कळलं. आपल्या नऊ जणांची चौकशी चौथ्या वाढणीपर्यंत चालली.

पण भरलेला फॉर्म काही बदलता येईना. शेवटी तुझ्या प्राचार्यांनी तोड काढली. मी अध्यक्ष म्हणून पार्टी बरखास्त केल्याचं लिहून द्यायचं, मग तुझं नाव परत यादीत. मी अध्यक्ष कधी झाले देव जाणे. लिहिताना मात्र, तू गेल्यावर सुट्टीत माझ्यासोबत बडगीला कोण बसणार, हेच मनात होतं.

तरी सहीच्या वर एक ओळ घातली, की पार्टीचं शेवटचं तिकीट रूपाला दिलं शे. बाईंनी अर्थ विचारला, हसल्या आणि खाली ‘जागा रूपाला’ असं लिहून आपली सही केली. तिकीट विमानाचं आहे. बॅग भर.

तुझी माजी अध्यक्ष,
कमलआत्या