ताठ कण्याचं घराणं

२ जून २०२५

अमोघची कंबर आज पुन्हा धरली. सव्वीस वर्षांचा घोडा, भिंतीला धरून उठतो! हे दारातच उभे. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, ताठ. "पोश्चर बघ तुझं! माझ्याकडे बघ." आमच्या तेलीबागेतले सगळे बघतातच. सब्जीवाले भैयासुद्धा ह्यांना सलाम ठोकतात!

अमोघ म्हणाला, "पापा, सच में दर्द है यार." बापाला यार! मग काय, चहा निवेपर्यंत भाषण. कामचुकारपणा म्हणे.

५ जून

मोठ्या इस्पितळात अमोघचा रिपोर्ट घेतला. डॉक्टर नीलम, वयानं लहान पण समजावतात छान. प्रत्येकाच्या पेशींवर ओळखपत्र असतं म्हणे, आपला कोण, परका कोण ते शरीराच्या पहारेकऱ्यांना कळावं म्हणून. ते कुठल्या प्रकारचं, हे जनुकं ठरवतात. अमोघचं निघालं बी-सत्तावीस. बऱ्याच जणांचं असतं, सगळ्यांना काही होत नाही. पण काहींचे पहारेकरी आपल्याच कण्यावर तुटून पडतात.

"शिस्त नाही!" हे म्हणाले. पहारेकऱ्यांनाही!

आलं कुठून? "आईकडून नाहीतर वडिलांकडून," नीलमबाई म्हणाल्या. झालं! गाडीत बसल्या बसल्या ह्यांचं सुरू: "तुझे आप्पा शेवटी काठी घेऊन चालायचे." अहो, आप्पा आंब्यावरून पडले होते! सगळं कागल सांगेल.

७ जून

साताऱ्याहून पद्मावन्संचा फोन. "आमच्यात असलं काही नाही बाई." बरोबर, तुमच्यात नुसता अहंकार.

नीलमबाईंचं ह्यावरच संशोधन आहे. आईबापाचंही रक्त हवंय. हे बाही वर करून तयार: "होऊन जाऊ दे. दूध का दूध!" मी देवापुढे साखर ठेवली. माहेरची अब्रू आहे.

११ जून

ह्यांचा हुकूम: आमचे रिपोर्ट येईपर्यंत अमोघला डॉक्टरांच्या गोळ्या नाहीत. आधी पीटी. पहाटे शिट्टी फुंकून पोराला उठवतात. आणि हा मोठा इंजिनियर, गोमती नगरात पाच जणांवर साहेब, बापापुढे चूं करत नाही! कळवळतो, तरी धावतो. माझा जीव तुटतो.

शिक्षा म्हणून ह्यांना तीन दिवस दुधीच केला. गिळला गुपचूप. गोळ्यांचं काही बोलले नाहीत.

१९ जून

माझ्यात नाही! ह्यांच्यात आहे! इस्पितळाच्या जिन्यातूनच कागलला फोन लावला. येताना दसहरी आंबे घेतले. चांगले, भाव न करता!

ह्यांचं मात्र डॉक्टरांसमोरही चालूच होतं. "असेल माझ्यात. मला झालं का काही? शिस्त!" नीलमबाई टक लावून बघत होत्या. "अंकल, ज़रा झुककर जूता छुइए."

"सुभेदार झुकत नाही."

"झुकत नाही, की झुकता येत नाही?"

  बाईंनी लगेच ह्यांनाच एक्स-रे काढायला पाठवलं. गेले. ताठ.

२० जून

मणके एकमेकांना चिकटलेत. खालपासून वरपर्यंत. फोटोत कणा नाही, बांबू! जुनं आहे म्हणाल्या, तरुणपणापासूनचं. पहाटे उठून चालल्याशिवाय ह्यांचं अंग मोकळं होत नसणार.

माझ्या आईच्या पाया पडताना वाकले नाहीत, म्हणून आमच्याकडे ह्यांना अजून 'लाटसाहेब' म्हणतात. मीही म्हणते.

ह्यांनी फोटो पाकिटात घातला. मग म्हणाले, "अमोघच्या गोळ्या आजच सुरू करा." घरी येऊन स्वतः पाणी दिलं त्याला. "थँक्यू पापा," एवढंच म्हणाला पोरगा. मला हसू आलं आणि रडूही.

२१ जून

चहा देताना विचारलंच. "दुखायचं का हो?"

"रोज."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, सगळ्यांचंच दुखतं."