अठरा अर्ज, माझ्या अक्षरातले

१२ फेब्रुवारी
पटांगणाला हिरवे पत्रे लागले. सकाळी गंगेवरून मुन्शीघाट चढून येताना मी पाहिलं. विहीर आत, बेल आत, आपल्या गणपतीचा ओटा आत. राधा धोबिणीच्या चादरी गल्लीत दोरीवर. पत्र्यावर रंगवलंय, "यह भूमि निजी है."
निजी म्हणे! जन्म गेला इथे, जागा नगरपालिकेची हे शेंबडं पोरही सांगेल.
सहाला अनंतराव आले, रोजच्यासारखे. मासिकातलं शब्दकोडं अर्धं झालं. आडवे सात अडलं: अर्ध्या पायलीचं माप, तीन अक्षरी. काशीत जन्मलेल्या दोन म्हाताऱ्यांना ते कुठून येणार? पत्र्यांचं विचारलं तर "बघू" म्हणाले. चहा अर्धा ठेवून गेले.

२० फेब्रुवारी
रजिस्ट्रीची नक्कल हातात आली. विकणारा सुधाकर. अनंतरावांचा सख्खा पुतण्या! "पुश्तैनी आँगन", म्हणजे वडिलोपार्जित, म्हणून एका गेस्ट हाऊसवाल्याला विकून मोकळा. त्याच ओट्यावर हा नऊवारी नेसून नाटकात सून झाला होता. पदर मी खोचून दिला होता.
अ.रावांपुढे कागद ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाचला नाही.

१ मार्च
तहसिलीत तक्रार दिली. गणेशोत्सव मंडळाच्या अकरा जणांना नऊ वाजता नाक्यावर बोलावलं होतं. आले शून्य. एकाचे गुडघे, एकाच्या मुलाची ठेकेदारी, एकाचा फोनच बंद. अ.राव म्हणाले होते, "शालू, मला यात ओढू नकोस. घरातलं आहे." ठीक. एकटी गेले. साहेबांनी वाचायच्या आधीच शेरा मारला.
विमलचा ठाण्याहून फोन. "ताई, या वयात लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस?" लेखपाल म्हणजे तुमच्याकडचा तलाठी, इथपासून समजावलं. तिकडे कुकरची शिट्टी झाली, फोन संपला.

५ एप्रिल
तक्रार निकाली. चौकशी कोणी केली? ज्या लेखपालाने जमीन सुधाकरच्या नावावर चढवली, त्यानेच. स्वतःची चौकशी केली, स्वतःला निर्दोष ठरवलं, खाली सही ठोकली. हसूच आलं आधी.
मग मागची पानं उलटली. "साक्ष्य: समिति के विगत अठारह वर्षों के प्रार्थनापत्र, जिनमें भूमि को स्वयं निजी बताया गया है." अठरा झेरॉक्स. अक्षर माझं.
गणेशोत्सवाच्या परवानगीचे अर्ज. शुद्ध हिंदी म्हणून दरवर्षी मीच लिहायची. "हम अपने निजी आँगन में..." सरकारी जागा म्हटलं की सात खात्यांची दारं, निजी म्हटलं की फक्त पोलीस ठाण्याचा शिक्का. गणपती बसायचा, आपण खूश. कोणी कधी विचारलं नाही.
अठराही अर्ज पुन्हा वाचले. जेवले नाही.

६ एप्रिल
अ.राव आले आणि मी तोंड सोडलं. म्हटलं, "निजी लिहायला तुम्हीच सांगितलंत. पुतण्यासाठी वाट करून ठेवलीत अठरा वर्षं."
त्यांनी पेन्सिल कोड्यावर ठेवली. "एवढंच ओळखलंस?" म्हणाले आणि जिना उतरले. काठी इथेच राहिली.
मी हाक मारली नाही. चूक त्यांची आहे.

१९ एप्रिल
तेरा दिवस. सहा वाजतात, कप दोन निघतात, एक परत ठेवते.
आज आयुक्तांच्या कचेरीत गेले. मागणी: चौकशी दुसऱ्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडून, इथल्या कोणाकडूनही नको. टेबलाशी शबनम निघाली, माझी विद्यार्थिनी, सातवी ब. खुर्ची सोडून उभी राहिली. "बहनजी, आप?" मग फाइल बघून हळूच म्हणाली, "एफिडेविट लगेगा. और ई अठारह ठो अर्जी का जवाब भी. नहीं तो कागज फिर ओही लेखपाल के पास लौट जाएगा."
म्हटलं, जवाब यही है कि झूठ लिखा था.
"तब मुकदमा आप पर भी हो सकता है, बहनजी. और झूठ था, इसका कोई पुराना सबूत?"
पुराना सबूत. कुठून आणू?
आज दिवसभरात मराठी एकदाच बोलले. दूध उतू गेलं तेव्हा.

११ मे
ट्रंक उपसली. मंडळाच्या पावत्या, नाटकाच्या मिशा, वाळवीने खाल्लेली कार्यक्रमपत्रिका. आणि माझ्या जुन्या वह्या. पहिल्या अर्जाच्या वर्षाची वही सापडली. जसं आहे तसं उतरवते:
"बैठक. नगरपालिकेच्या पटांगणासाठी सात परवानग्या, सगळे हैराण. मी युक्ती सुचवली, अर्जात निजी आँगन लिहू. अ.राव म्हणाले, जागा सरकारची, खोटं कशाला? मी म्हटलं, दहा दिवसांचं खोटं, देवाच्या नावाने. सगळे हसले. शेवटी अ.रावही. सगळ्यांसमोर म्हणाले, शालूला डोकं आहे. घरी येईपर्यंत जमिनीवर पाय नव्हते. वेड्यासारखी आरशात बघत राहिले. आणि त्यांच्याच बायकोने, वहिनींनी, मला मुरांबा दिला बरोबर. मी वाईट बाई आहे. हे कोणाला सांगायचं नाही."
म्हणजे मीच.
अठरा वर्षांत कधी त्यांच्या माथी मारलं, मला कळलंही नाही. आणि त्यांनी एका शब्दाने उलटून सांगितलं नाही. ओट्यावर बसून रडावंसं वाटलं, तर ओटा पत्र्याआड.

१४ मे
शबनमला विचारलं, वरच्या चार ओळींचीच नक्कल चालेल का? जागा सरकारी होती हे त्यात आहेच. ती म्हणाली, पूरा पन्ना, हिंदी अनुवाद के साथ. काटा-छिपाया हुआ नहीं चलेगा.
म्हणजे आरसा, मुरांबा, वाईट बाई, सगळं फाइलीत. अधिकारी वाचणार, सुधाकरचा वकील मोठ्यांदा वाचणार. वहिनी बिचाऱ्या गेल्या, त्यांना आता काही नाही. अ.रावांना आहे.
अडुसष्ट वर्षांची बाई आणि मला याची लाज वाटते. अर्जांच्या लाजेपेक्षा जास्त वाटते, हेही लिहून ठेवते.

१५ मे
काठी घेऊन त्यांच्या घरी गेले. दार सुधाकरने उघडलं. आत घेतलं नाही. "मौसी, काका सोये हैं." माझ्याशी हिंदी! काल-परवापर्यंत शालूमावशी म्हणत होता.
काठी कडीला अडकवली. तिला पाकीट बांधलं होतं. त्यात त्या पानाची झेरॉक्स आणि खाली दोन ओळी: युक्ती माझी होती, तुम्हाला नको ते बोलले, माफ करा. हे पान मी शपथपत्राला जोडणार आहे. कचहरीने वाचायच्या आधी तुम्ही वाचावं.
पाकीट सुधाकरनेच फोडलं असेल का? असेल. नसेलही.

२ जून
शपथपत्र दिलं. अनुवाद मीच केला. "मुरांबा"ला हिंदीत मुरब्बाच. नोटरी वाचून माझ्याकडे बघत राहिला. मी खिडकीबाहेर.

२७ ऑगस्ट
चतुर्थी. पाणी खूप वर आलंय, खालचे घाट बुडलेत. पटांगणावर यंदा काही नाही. मंडळाने कोणाच्या तरी लॉनमध्ये उत्सव केला, मला बोलावणं नाही. "शालूताईंनी मंडळाला कोर्टात ओढलं" असं चाललंय म्हणे.
घरी वीतभर मूर्ती. मोदक एकवीस केले, सवय. आरती म्हणताना दुसऱ्या कडव्याला अ.राव नेहमी आवाज चढवायचे, तिथे मी थांबले आणि पुढचं आठवेना.
मोदक राधाला दिले. म्हणाली, "अकेले काहे एतना बनाईं, बहनजी?"

१६ सप्टेंबर
हुकूम आला! चौकशी दुसऱ्या जिल्ह्याचे अधिकारी करणार. मोजणी नव्याने, मूळ नकाशे मागवले. शबनमने फोनवर वाचून दाखवलं, मी दोनदा वाचायला लावलं.
जबाब २३ तारखेला, अकरा वाजता. पहिलं नाव माझं. दुसरं अनंतरावांचं.
ते जागा सरकारची म्हणाले तर पुतण्या आत जाईल. निजी म्हणाले तर पत्रे तिथेच राहतील, आणि खोटारडी मी एकटी.
आनंद सांगायला कोणी नाही. विमलला मेसेज टाकला. तिने अंगठा पाठवला.

१९ सप्टेंबर
डाकेने पाकीट. पत्ता मराठीत, अक्षर अ.रावांचं. तीन गल्ल्या पलीकडून डाकेने! आत मासिकातलं फेब्रुवारीचं कोडं. त्यांच्या प्रतीतलं पान, फाडून घेतलेलं. सगळे चौकोन कोरे, फक्त आडवे सात भरलंय. अधोली.
पाकीट उलटं करून झटकलं. चिठ्ठी नाही.

२२ सप्टेंबर
उद्या जबाब. साडी काढून ठेवली, वही पिशवीत, मूळ वही.
काय सांगायचं ते ठरलंय, त्याची भीती नाही. भीती वेगळी आहे. त्या खोलीत ते पान वाचलं जाईल तेव्हा अ.राव समोर असतील की नसतील, आणि कुठलं जास्त वाईट, ते मला कळत नाही.
ई-रिक्षावाल्याला दहा वाजता सांगितलंय. विचारलं त्याने, "अकेले?" म्हटलं, पहले तीसरी गली के मुहाने पर रुकना, पाँच मिनट.
तिथून त्यांचा जिना दिसतो.