दोन डाव्या बाह्या

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा तो कागदावरच मानून घे.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, तुझी नि भावोजींची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळव. भावोजींना रक्त पातळ करायची गोळी चालू झाल्याचं कळलं. रक्त खुशाल पातळ होऊ दे, स्वभाव तेवढा आहे तसाच घट्ट राहू दे, नाहीतर आम्हाला ओळख पटायची नाही. गेल्या पत्रात तू लिहिलंस की आता वय झालं, दुकान मुलाच्या हाती दे आणि स्वस्थ बस. ते वाचून मी बराच वेळ चष्मा पुसत बसलो, कारण तू लिहायच्या आधी मीच ते ठरवून टाकलं होतं आणि माझी कापणीची मोठी कात्री भाच्याला पाठवूनसुद्धा दिली होती. (चिरंजीव शिलाईतला, त्याला कापणीचा कंटाळा.) आता सगळंच उलटं झालंय, म्हणून हे पत्र. मागायचं काहीएक नाही, फक्त हकिकत कळवायची आहे.

त्याचं झालं असं. मध्यंतरी मला सारखी तहान लागायला लागली. तांब्यामागून तांब्या रिकामा करायचा आणि मग मागच्या दाराला फेऱ्या घालायच्या, हाच उद्योग. पोट म्हणशील तर संपावर गेलेलं. अन्नावर वासना नाही. हेही चाललं असतं, पण डोकं चालेना. टेप गळ्यात असायची आणि मी ती सगळ्या दुकानात शोधत फिरायचो. एका गिऱ्हाइकाचं माप घेतलं, त्याला निरोप दिला, तो चप्पल घालेपर्यंत ‘या, बसा’ म्हणून पुन्हा माप घ्यायला लागलो. (तोही भला माणूस, पुन्हा हात वर करून उभा राहिला.) आणि मग मुख्याध्यापकांचा कोट आला. त्यांच्या निरोप समारंभासाठी, उंची कापडाचा, वाया घालवायला एक वीतही शिल्लक नाही असा. मी त्याला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. चिरंजीवाने वडिलांवर विश्वास ठेवून त्या जोडल्याही. कोट अंगात घातल्यावर सरांचा उजवा हात आपोआप पाठीमागे जायला लागला, कुणाला तरी गुपचूप काहीतरी देत असल्यासारखा. सरांनी आरशात इकडून तिकडून पाहिलं आणि ‘माझाच हात हल्ली वाकडा झाला असेल’ म्हणाले. ताई, त्या दिवशी मी इस्त्रीच्या टेबलामागे बसून रडलो. आपल्या बाबांचंही शेवटी शेवटी असंच व्हायचं, तुला आठवत असेल. मी घाबरलो होतो. त्याच घाबरलेल्या अवस्थेत कात्री फडक्यात गुंडाळली आणि भाच्याला धाडून दिली, सोबत ‘हा वारसा सांभाळ’ वगैरे मजकूर.

सूनबाई मात्र ऐकेना. तिने मला रिक्षात घालून डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि कॅल्शियम भलतंच वर गेलंय असं सांगून विचारलं, कुठल्या गोळ्या घेता? मी छाती काढून म्हणालो, मी आयुष्यात गोळी घेतलेली नाही. (आमच्या घरी औषधाचा विषय निघाला की मी ओरडतो, हे तुला माहीत आहे. मला काय धाड भरलीये, असं म्हणून मी ताटावरून उठतो. त्यामुळे तो विषय कुणी काढतच नाही.) डॉक्टरबाईंनी माझ्याऐवजी सूनबाईकडे पाहिलं आणि घरात जे जे काही डबे, बाटल्या, पुड्या असतील ते एका पिशवीत भरून घरच्या सगळ्यांना घेऊन या म्हणून फर्मावलं.

दुसऱ्या दिवशी तिथे जो तमाशा झाला तो काय सांगू! आधी तुझ्या भावजयीने पर्स उघडली. ती माझ्या रात्रीच्या दुधात ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी विरघळवत होती. पुडी आठवड्याची होती, पण एवढ्या कामसू माणसाला आठवड्याला एकच कशी पुरेल, म्हणून ती रोज देत होती. हे ऐकून सूनबाईचा चेहरा उतरला, कारण ती त्याच ‘ड’चे थेंब माझ्या सूपमध्ये घालत होती. चिरंजीव खाली मान घालून म्हणाला की गल्ल्याशेजारच्या डबीतल्या संत्र्याच्या गोळ्या या साध्या गोळ्या नव्हेत, त्यात कॅल्शियम आणि पुन्हा ‘ड’ आहे. (आणि मी त्या येता-जाता तोंडात टाकत होतो, गिऱ्हाइकांच्या पोरांनाही देत नव्हतो. बरंच झालं म्हणायचं.) मी भडकलो. मला न विचारता, माझ्या पाठीमागे, असं काहीबाही बोलत असतानाच तुझी भावजय शांतपणे म्हणाली, तुमच्या बटणांच्या डब्यात काय आहे तेही दाखवा. मग मलाही बाटली काढावी लागली. हाडं बळकट करणारी. शेजारच्या चष्मेवाल्याने सांगितली म्हणून मी ती गुपचूप घेत होतो. पिशवीत पाचवी वस्तूही होती, तिचं पुढे लिहितो.

डॉक्टरबाई आधी हसल्या, मग चांगल्याच रागावल्या. त्यांचं म्हणणं असं की ‘ड’ जास्त झालं तर लघवीवाटे चटकन निघून जात नाही, अंगातल्या चरबीत साठत राहतं, त्याने कॅल्शियम चढतं, डोक्यात गोंधळ होतो आणि वेळीच थांबलं नाही तर मूत्रपिंडांची वाट लागते. जीवनसत्त्वांशी त्यांचं वैर नाही. तुझ्या भावजयीच्या पायांना मुंग्या येत असत, तिचं ‘बी-बारा’ तपासून बघितलं तर खरोखरच कमी निघालं. तिला त्याच्या गोळ्या चालू आहेत आणि आता ती जिने चढते. कमी असेल त्याला हवंच, पण आधी तपासायचं, मग किती द्यायचं ते ठरवायचं. मापाशिवाय कापड कापू नये हे तुम्हाला मी सांगायला हवं का, असं त्यांनी मलाच विचारलं.

सगळं बंद केलं. दोन दिवस सलाइन लावलं, मग भरपूर पाणी आणि पुन्हा पुन्हा तपासण्या. हळूहळू डोकं जागेवर आलं. सरांच्या कोटासाठी तेच कापड शोधून आणलं आणि उजवी बाही नव्याने कापली, चिरंजीवाच्या डुगडुगत्या कात्रीने. समारंभात सरांनी उजवा हात वर करून भाषण केलं. मी पहिल्या रांगेत बसून फक्त बाही बघत होतो. म्हातारा झालो नव्हतो, ताई, घरच्यांनी लाडाने बेजार केलं होतं. त्यांच्यावर रागवावं तर रागवता येत नाही. आता आमच्याकडे औषधाचा विषय जेवतानासुद्धा निघतो आणि मी ताटावरून उठत नाही.

भावोजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भाच्याचं दुकान कसं चाललंय? ती कात्री त्याला जड पडत असणार. कडी माझ्या अंगठ्याने झिजलेली आहे, दुसऱ्याचा अंगठा तिच्यात डळमळतो.

ता. क. २. तिला धार लावताना कुणाच्याही हाती देऊ नये म्हणावं. खरं तर माझ्याशिवाय कुणाच्याच.

ता. क. ३. स्पष्टच लिहितो. कात्री परत हवी. वारशाचा मजकूर त्याने ठेवून घ्यावा, तो चांगला झाला होता. नवी कात्री मी त्याला घेऊन देईन.

ता. क. ४. पाचवी वस्तू म्हणजे तू मायेने पाठवलेला ताकदीच्या पावडरीचा डबा. मागच्या बारीक अक्षरांत त्यातही ‘ड’ निघालं, म्हणजे मला म्हातारं करण्यात तुझाही हात आहे, आणि वर स्वस्थ बसायचा सल्लाही तुझाच. पण हसण्यावारी नेऊ नकोस. तसाच डबा तू भावोजींसाठी घेतला होतास ना? त्यात ‘के’ जीवनसत्त्वही आहे, आणि त्यांच्या रक्ताच्या गोळीशी त्याचं जमत नाही असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गोळी बंद करू नका, पावडर मात्र आजच थांबवा, आणि घरातलं सगळं पिशवीत भरून त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

ता. क. ५. तुझा डबा धुऊन, पुसून, रिकामा परत पाठवतोय. कात्रीचं माप मला पाठ आहे, ती त्यात बरोब्बर बसेल.