आबांच्या डॉजचं स्टेअरिंग

अवसरी बुद्रुक,
ता. १२ जानेवारी १९९७

ती. अक्कास,
चिमाजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत, भुसावळात तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. संक्रांतीला तुझ्याकडे यायचं यंदा जमणार नाही. कारण ऐकून कपाळाला हात लावशील. मी आबांची डॉज चिंचेखालून बाहेर काढली आहे!

सहा वर्षं गाडी जागची हलली नव्हती. बॉनेट उघडलं तर आत कोंबडीनं संसार मांडलेला. हौद्याच्या फळ्या वाळवीनं खाल्लेल्या, चाकांचे नट इतके गंजलेले की चार दिवस रॉकेल पाजलं तेव्हा कुठे एकेक सुटला. पण चासी अजून ठणठणीत आहे. जुन्नरहून कासमचाचा येऊन बघून गेले. ही गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हाताखालची. आल्या आल्या त्यांनी मडगार्डवर हात ठेवला आणि म्हणाले, चिमाभाऊ, म्हातारी न्हाई झाली ही, रुसून बसलीय. दर सोमवारी यायचं त्यांनी कबूल केलंय. जुनं पेट्रोल इंजिन काढून मॅटॅडोरचं डिझेल बसवायचं, ब्रेक नवे, हौदा नव्या पत्र्याचा. चारी चाकांना मिळणारा जोर मात्र आहे तसाच ठेवायचा, म्हणजे भर पावसातही आहुप्याच्या चढावरून हिरड्याची पोती आणता येतील.

खरी गंमत पुढेच आहे. मी स्टेअरिंग डावीकडून उजवीकडे आणणार आहे. लष्कराच्या लिलावातली अमेरिकन गाडी, म्हणून ते डावं स्टेअरिंग आपण जन्मभर सोसलं. डावीकडे बसलेल्या आबांना पुढच्या वाहनापलीकडचा रस्ताच दिसायचा नाही, म्हणून उजवीकडे आई. आठवतं ना? समोर मोकळं असलं की आईनं ‘या’ म्हणायचं, मग आबा गाडी पुढे काढणार. ‘थांबा’ म्हणाली की थांबणार. आपण मागे पोत्यांवर बसून दोघांच्या नकला करायचो. पंचवीस वर्षं तिनं ही राखण केली. आता साठीत त्या माउलीला कशाला तो ताप?

पण आबा! इंजिन बदल म्हणाले, रंग बदल म्हणाले, स्टेअरिंगला हात लावायचा न्हाई. का, तर न्हाई. एकदा डुलकी लागून धडकलात म्हणून कायमचं घरी बसायचं का, असं मी विचारलं, तर टोपी उचलून मळ्यात निघून गेले. तुझं ते ऐकतात. त्यांना दोन ओळी लिही ना.

दाजींना नमस्कार, हर्षालीला पापा. माझ्यावरचा लोभ या गाडीपायी कमी करू नये, ही विनंती.
तुझा,
चिमा


भुसावळ,
ता. २ मार्च १९९७

चि. चिमाजीस,
अक्काचे अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. हर्षालीला कावीळ झाली होती, आता चांगली आहे. मुळ्याची भाजी बघितली की तोंड फिरवते, एवढंच.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पानंच्या पानं गाडीची, आणि आईबद्दल दोन ओळी, त्याही गाडीच्याच निमित्तानं! कोंबडीचा संसार लिहायला सुचला तुला, आईचे डोळे कसे आहेत हे नाही सुचलं? दिवाळीत आले तेव्हा मी अंगणात तिच्यासमोर उभी होते आणि ती मला, कोण पावणं, म्हणून विचारत होती. आवाजावरून तिनं मला ओळखलं. तांदूळ निवडते तेसुद्धा बोटांनी चाचपून. विचारलं तर म्हणते, ऊन येतं डोळ्यावर. चिमा, तिला मोतीबिंदू आहे, आणि तो आजकालचा नाही. मंचरला शिबिर कधी असतं ते विचार आणि तिला घेऊन जा. गाडीला चार दिवस रॉकेल पाजतोस, आईला एक दिवस दे.

आता आबांचं. त्यांना मी काही लिहिणार नाही. सहा वर्षं एक गोष्ट मनात आहे ती तुलाच सांगते. आळेफाट्याच्या अलीकडे उभ्या एस.टी.ला ओलांडताना आबांची गाडी समोरून येणाऱ्या कांद्याच्या बैलगाडीवर गेली. आबांचा खांदा निखळला, गाडीवान आणि बैल थोडक्यात वाचले. आबांनी चारचौघांत सांगितलं, मला डुलकी लागली. तेव्हापासून गाव त्यांना झोपाळू शेठ म्हणतं आणि ते हसतात. पण तू त्यांना दिवसा झोपलेलं कधी पाहिलंयस? तापानं फणफणले तरी खाटेला पाठ लावत नाहीत. आणि ओलांडायचं झालं की ते आधी आईला विचारणार. डुलकी लागलेला माणूस विचारील कसा? मला वाटतं, त्या दिवशी आई ‘या’ म्हणाली. तिला बैलगाडी दिसलीच नाही. आणि आबांनी ते स्वतःवर घेतलं.

हे खरं असेल तर आबा का अडून बसलेत ते उघड आहे. स्टेअरिंग उजवीकडे गेलं की आईला वाटणार, आपल्या चुकीमुळे गेलं. म्हणून ते आहे तिथेच राहू दे. तिला काही विचारूही नकोस.

तब्येतीला जप. रागावते ती जीव आहे म्हणूनच, हे तुला माहीत आहेच.
तुझी,
अक्का


अवसरी बुद्रुक,
ता. ९ मार्च १९९७

ती. अक्कास, शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. स्टेअरिंग सोमवारीच हललं होतं.

आबा आळ्याला लग्नाला तीन दिवस गेले होते, तो मोका मी साधला. कासमचाचा कचरत होते. रखमाजीशेटला विचारलंय ना, असं दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा हो म्हणालो. पॅडलं उजवीकडे घेतली, चासीला नवी पट्टी वेल्ड केली, स्टेअरिंगचा डबा तिकडे बसवला. पहिल्यांदा चालवून बघितली तर मी चाक उजवीकडे फिरवतोय आणि गाडी डावीकडे, शेणाच्या उकिरड्यात! चाचा हसून हसून जमिनीवर बसले. डबा परत उघडून संध्याकाळपर्यंत सगळं सरळ केलं. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आबा आले, त्यांनी बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून माझ्या पंक्तीला जेवत नाहीत. मग आई आली. हातानं चाचपत उजव्या दारापाशी गेली, नेहमीसारखी चढायला लागली आणि तिच्या जागेवर तिच्या हाताला स्टेअरिंगचं चाक लागलं. चढवलेला पाय तिनं खाली घेतला. मग म्हणाली, बरं केलंस बाबा. आता चुकायला मी न्हाई तिथं.

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. तुझं पत्र वाचलं आणि लागला. अक्का, तू म्हणतेस ते खरं आहे, आणि मी तिच्या सुखासाठी म्हणून तिला तिच्या जागेवरून उठवलं. माझी मलाच लाज वाटते.

मंचरला शिबिर एकोणीस तारखेला आहे. ती यायला तयार नाही. आता डोळं घेऊन काय करू, म्हणते. आबांशी बोलत नाही, आबा तिच्याशी बोलत नाहीत, दोघं ओसरीच्या दोन टोकांना बसतात. स्टेअरिंग परत डावीकडे नेऊ का? चाचा म्हणतात, एका सोमवारात होईल. तू सांगशील तसं करतो.

चुकलो तरी भाऊ तुझाच आहे, टाकू नकोस.
चिमा


भुसावळ,
ता. १३ मार्च १९९७

चि. चिमाजीस, अ. उ. आ.

कार्डावर घाईनं लिहिते. परत काही हलवू नकोस. हललेलं हललं, आता ते लपवायला गेलास तर आईला दुप्पट लागेल. या घरात सगळ्यांनी एकमेकांपासून लपवूनच इतकी वर्षं घालवली. माझं दोन तारखेचं पत्र जसंच्या तसं आबांच्या हातात दे. रागावले तर माझ्यावर रागावू देत, मी लांब आहे. हर्षालीची परीक्षा आहे म्हणून मला निघता येत नाही, जीव मात्र तिकडेच आहे.

अक्का


अवसरी बुद्रुक,
ता. ४ मे १९९७

चि. सौ. अंजनास,
आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. चौथी पास झाल्यावर एवढं मोठं पहिल्यांदाच. ओळी वर चढत गेल्या आहेत त्याला हसू नको. ऑपरेशन झालं, चष्मा आला. उजव्या डोळ्यानं मला आता कौलावरची मुंगीसुद्धा दिसते. घरात एवढी जळमटं होती आणि सूनबाईनं मला सांगितलं नाही!

तुझं पत्र ह्यांनी ओसरीवर बसून वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि चुलीपाशी येऊन म्हणाले, ऊठ, मंचरला जायाचं. मी निघाले. एस.टी.त बसल्यावर माझ्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं, त्या दिवशी मला निस्ता उजेड दिसत व्हता, तरी मी या म्हणाले, तुमाला डुलकी लागली न्हवती. सहा वर्षं हे माझ्या छातीवर बसलं होतं गं. लोक ह्यांना झोपाळू म्हणायचे तेव्हा मी आत जाऊन रडायची, पण तोंड उघडायची छाती झाली नाही. मला वाटायचं, माझ्या डोळ्यांचं ह्यांना काही माहीत नाही.

तर हे काय म्हणावेत? म्हणाले, तुला दिसत न्हाई हे मला त्याच्या आदी वरीसभर ठावं व्हतं. तू या म्हणायला उशीर लावायचीस. तरी मी इचारत राह्यलो. इचारायचं सोडलं असतं तर तू गाडीत यायची बंद झाली असतीस. म्हंजी चूक माझी. मी म्हटलं माझी. हे म्हणाले माझी. मंचर येईपर्यंत आम्ही भांडलो. कंडक्टर म्हणाला, आजी, न्याय कोर्टात करा, आता उतरा.

आता गाडीचं सांगते. चिमानं तिला हिरवा रंग दिलाय. मागच्या मंगळवारी आम्ही दोघंच तिच्यात बसून जुन्नरला कासमभाऊंकडे गेलो. हे उजवीकडे, मी डावीकडे. ह्यांना सगळं आपलं आपण दिसत होतं. मी हात मांडीवर ठेवून बसले, मला काही कामच नव्हतं. नारायणगाव मागे पडेपर्यंत मला सारखं भरून येत होतं.

तेवढ्यात ह्यांनी गाडी हळू केली आणि म्हणाले, डावीकडं बघ. बघितलं तर विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी, तीसचाळीस असतील. थोडं पुढे गेल्यावर परत हळू केली. एक बहावा अंगभर पिवळा होऊन उभा होता. मग एक दगडी बांधाचं तळं दाखवलं, त्यात म्हशी आणि त्यांच्या पाठीवर बगळे. मी विचारलं, हे सगळं कधी झालं इथं? तर म्हणाले, पहिल्यापास्नं हाय. पंचवीस वर्सं मी एकलाच बघत आलो. तुला दाखवावं असं लई वाटायचं, पर तुझी नजर रस्त्यावर पायजे व्हती, म्हणून कधी बोललो न्हाई.

अंजे, लग्नानंतर ह्यांनी मला एवढं मोठं काही कधी दिलं नाही. मी रडले ते आनंदानं रडले, नव्या चष्म्याच्या काचा पदरानं पुसत पुसत. एका तासाच्या वाटेला आम्हाला साडेतीन तास लागले. गाडी कुठं बिघडली म्हणून कासमभाऊ पाना घेऊन सायकलवर अर्ध्या वाटेपर्यंत आले होते. परत येताना रस्त्याची दुसरी बाजू माझ्याकडे आली, तीपण सगळी बघितली.

याच महिन्यात हर्षालीला घेऊन ये. जावईबापूंना आशीर्वाद. माया कमी पडू देऊ नको, इकडून पडणार नाही.
तुझी आई,
बयाबाई