पाचशे कोटी जिवंत

२ मार्च, सकाळी ९
आजपासून नोकरी नाही. साहेबांनी राजीनामा झटकन घेतला. माझ्या जाण्याचं दुःख लपवत असावेत. आता स्वतःचा धंदा. पोटाला हितकारक जिवंत बॅक्टेरिया, म्हणजे प्रोबायोटिक, आणि त्यांचं खाणं, म्हणजे प्रीबायोटिक, दोन्ही एकाच पाकिटात. भाडेकरू डब्यासकट! बायको म्हणाली, स्वयंपाकघर सोडून कुठेही करा.

५ मार्च
स्वयंपाकघरात पावडर तयार. लेबल आलं: 'प्रत्येक पाकिटात पाचशे कोटी जिवंत बॅक्टेरिया'. मोजले नाहीत, पण आकडा शोभतो. मेव्हण्यांचं औषधाचं दुकान आहे. म्हणाले, लॅबचा रिपोर्ट आणा, काउंटरवर समोर मांडतो. नाहीतर नाही. घरच्या माणसाशी इतकं कोरडं वागू नये.

१० मार्च
दोनशे पाकिटं भरली. सील करायला बायकोची इस्त्री. कारखानेवाल्यांच्या डोक्यात हे यायचं नाही.

१४ मार्च
पाकिटं टम्म फुगली. बायको म्हणते, पावडर दमट होती, आत आंबतेय. शिकवते भूगोल! जिवंतपणाचा याहून ढळढळीत पुरावा कोणता? एक फुटलं. सासूबाईंच्या चष्म्यावर. तरी खबरदारी म्हणून ओलावा काढायचं ठरवलं.

१५ मार्च
सगळी पाकिटं फोडून पावडर ओव्हनमध्ये. एकशे ऐंशी डिग्री, चाळीस मिनिटं. खमंग वास. बायकोने दारातूनच विचारलं, अहो, ते जिवंत आहेत ना? म्हटलं, म्हणून तर एवढी काळजी घेतोय.

१६ मार्च
नव्याने भरली. एकही फुगलं नाही. शेवटी शिस्त लागली. लॅबला सॅम्पल दिलं. मेव्हण्यांना काउंटरवर जागा करायला सांगितलं. दोनदा.

२४ मार्च, दुपारी १२
रिपोर्ट. जिवंत बॅक्टेरिया: शून्य. लॅबच्या मॅडमना फोन करून म्हटलं, पुन्हा नीट मोजा. त्या म्हणाल्या, नीटच मोजलंय, इतका निर्जंतुक नमुना आम्ही क्वचितच पाहतो. हे कौतुकच म्हणायचं.

दुपारी ४
साहेबांना सहज फोन केला. माझ्या जागी माणूस आलाय. फार कार्यक्षम आहे म्हणे. भीती वाटतेय. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही.

२५ मार्च
धसक्याने पोट बिघडलं. सकाळपासून पाच फेऱ्या. घरात माझी दोनशे पाकिटं. हात पुढे होईना. मेव्हण्यांकडे गेलो.  त्यांनी काउंटरवरून दुसऱ्या कंपनीचं प्रोबायोटिकचं पाकीट उचलून हातात ठेवलं आणि म्हणाले, हे चांगलं आहे.

संध्याकाळपर्यंत आराम पडला.