लाल साबणदाणीचं झाकण

आई, तुझी लाल साबणदाणी आता विमानातसुद्धा बसवतात. तुला खोटं वाटेल, पण मी ती रोज हाताळतो. तुझी नात नोकरीसाठी पुण्याला गेली आणि शंकर नगरच्या फ्लॅटमधली मागची खोली रिकामी झाली. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती, आता मी फोनवर मराठीत विचारतो आणि इकडच्या हिंदी मुलखात वाढलेली ती हिंदीत उत्तर देते. तर त्या खोलीत मी विमान बांधलं आहे. खरं नव्हे, घाबरू नकोस. प्लायवूडची चौकट, समोर तीन पडदे, ऑफिसने भंगारात काढलेली एक खुर्ची, हातात धरायचं सुकाणू आणि सगळीकडे बटणंच बटणं. पडद्यावर आभाळ दिसतं, धावपट्टी दिसते, खालची गावं दिसतात, आणि मी जागचा न हलता नागपूरला जाऊन येतो. पाहुणे येतात, बघतात, तोंड दाबून हसतात. बायकोच्या स्कूटीवर मागे बसून ऑफिसला जाणारा गृहस्थ म्हणून मी आधीच कॉलनीत प्रसिद्ध आहे. त्यात आता घरातल्या घरात विमान चालवणारा म्हणूनही झालो.

विमानात काही खटके असे असतात की चुकून हात लागला तर पंचाईत होते. त्यांच्यावर लाल झाकण असतं. अंगठ्याने ते वर करायचं, मग बोटाने खटका पाडायचा. असल्या झाकणांचं पहिलं पाकीट कुरियरने आलं तेव्हा मी एक झाकण अंगठ्याने वरखाली करून बघितलं. मला आपल्या मोरीतलं बटण आठवलं. हिवाळ्यात बादलीत पाणी तापवायचा रॉड असायचा, आणि त्याच्या बटणावर तू साबणदाणीचं अर्धं लाल झाकण बसवलं होतंस. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बिजागर केलं होतंस, खिळेही तूच ठोकले होतेस. कंपनीने पाठवलेल्या झाकणांपैकी निम्म्यांची बिजागरं आठवड्यात तुटली. तुझं मात्र आपण ते घर सोडेपर्यंत टिकलं.

मला शाळेत पहिली फिट आली त्यानंतरची ही गोष्ट. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि मावशीने सल्ले दिले. पोराला घराबाहेर सोडू नका, शाळा बंद करा, बाहेरून कडी घाला. मी चटईवर पडून सगळं ऐकत होतो. तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, "पोट्टा काय कोंबडी आहे, टोपल्याखाली डालून ठेवाले?" मावशी रुसून गेली, चहाही न घेता. दुसऱ्या दिवशी तू पेचकस घेऊन मोरीच्या दाराची आतली कडी काढून टाकलीस. मी आरडाओरडा केला. माझं वय लाजायचं होतं. तू म्हणालीस, "दार लोटून घे आन गात राह्य. तुहा आवाज येऊन राहिला तोवर कोणी आत येणार नाही. आवाज बंद झाला का मी येईन, मंग लाजू नोको." आणि मी गायचो. बेसूर, मोठ्यांदा, येतील ती हिंदी गाणी. साऱ्या पाऱ्याला, अख्ख्या मोहल्ल्याला, माझी आंघोळ ऐकू जायची. शेजारची दीदी विचारायची, आज एकच कडवं का, पाणी कमी होतं का?

स्वयंपाकघरातही तुझं हेच. सिलिंडरच्या बटणावर तू स्टीलचा गंज, ते उभट पातेलं, पालथा घालून ठेवायचीस. गॅस सुरू करायचा तर आधी गंज उचलावा लागे, आणि तो उचलला की खणखण आवाज व्हायचा. तू कुठेही असलीस तरी तिथूनच ओरडायचीस, "काय करून राहिला रे?" मला मैदानात सायकल चालवायची परवानगी होती, पण घंटी वाजवत राहायची अट होती. पोरं मला कुल्फीवाला म्हणत. मला तुझा भयंकर राग यायचा, आई. वाटायचं, हिने माझ्या गळ्यात घुंगरू बांधलंय. एकदा थंडीत मी मित्राशी बोलता बोलता साबणदाणी वर केली आणि न बघता ओल्या हाताने बटण दाबायला गेलो. तू मागून माझं मनगट असं पकडलंस की वळ उठले. "झाकण उचललं ना? आता थांब. तोंडानं सांग मले काय करून राहिला." मित्रासमोर मला म्हणावं लागलं, रॉड बंद करून राहिलो. "मंग कर," तू म्हणालीस. हात तू पुसून दिलास, पण बटण माझ्याकडूनच बंद करून घेतलंस. हे आता लिहिताना लक्षात येतंय. तू स्वतः बंद करून टाकू शकली असतीस.

विमानाचं वेड बाबांनी लावलं. त्यांची उरला इथल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट असायची, आणि सुट्टीच्या दिवशी ते मला सायकलवर पुढे बसवून माना विमानतळाकडे विमानं बघायला न्यायचे. घरी येऊन मी जाहीर केलं की मी पायलट होणार. तू पोळी लाटत होतीस. लाटणं बाजूला ठेवून तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "विमान तुले चालवू देणार नाहीत. फिट येते त्याले देत नाहीत. पण समजून घ्याले कोण अडवते?" मी रडलो, जेवलो नाही. पण दुसऱ्या कोणी सांगण्याआधी तू सांगितलंस, हे बरं झालं. पुढे तुझ्या मागे लागण्यामुळे बाबांनी मिलमधलं भंगारात निघालेलं एक गोल मीटर रीतसर विचारून आणलं. काचेला तडा, काटा एका जागी अडकलेला. तू ते राखेने घासून लखलखीत केलंस आणि माझ्या उशाशी ठेवलंस. आज ते माझ्या विमानात मधोमध बसवलंय. ते काहीही दाखवत नाही. पाहुणे विचारतात हे कशाचं, तेव्हा मी फार गंभीर चेहरा करून सांगतो की सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

तुझ्या सूनबाईचंही सांगतो. मला कितीतरी वर्षांत फिट आलेली नाही, गोळी रोज रात्री चालू आहे. तरी तीन पडद्यांचं आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांचं ऐकून ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, पण अंधारात बसू नका, झोप मोडू नका, खोली आतून बंद करू नका. घरी येऊन ती म्हणाली, "बसा तुम्ही विमानात. पण दाराले कडी नाही लावायची, आन एक बटन माझ्या हातात पायजे." मी खोलीच्या बाहेर, पॅसेजमध्ये, दाराला लागून, तिच्या खांद्याच्या उंचीवर एक खटका बसवला. तो पाडला की तिन्ही पडद्यांची वीज जाते, आतलं विमान मात्र उडतच राहतं. येता-जाता कोणाचा धक्का लागू नये म्हणून त्याच्यावर लाल झाकण लावलं. या झाकणाची एक गंमत आहे, ते खाली पाडलं की आतला खटका आपोआप मूळ जागी जातो आणि पडदे पुन्हा उजळतात.

शिवाय मी बोलतो. खरे पायलटही असंच करतात, जे करायचं ते तोंडाने म्हणतात आणि शेजारचा ऐकतो. मी खोलीतून ओरडतो, "झाकण वर! बॅटरी चालू!" स्वयंपाकघरातून ही होकार देते, "हव." मी म्हणतो, "चाकं खाली!" ती म्हणते, "हव, आन कणीक संपली, उतरल्यावर घेऊन या." वरच्या मजल्यावरच्या भैयांना वाटतं, मी संध्याकाळी देवाचा काहीतरी पाठ म्हणतो. त्यांनी एकदा अगदी आदराने चौकशी केली. मी हो म्हणून टाकलं.

मागच्या रविवारी तिने ते झाकण पहिल्यांदा उचललं. मी नागपूरहून परत येत होतो. हवा स्वच्छ, समोर माना विमानतळाची धावपट्टी अगदी रेषेत. आणि एकदम तिन्ही पडदे काळे. वळून बघतो तर ही दारात, हाताला पीठ, बोट खटक्यावर. मी तिच्यावर असा ओरडलो की तुला लाज वाटली असती. "हेडफोन होते ना कानात, ऐकू कसं येणार! दोन मिनिटं थांबता येत नव्हतं? उतरतच होतो!" तिने हळूच झाकण खाली पाडलं, पडदे पुन्हा लागले, आणि ती पोळ्या करायला निघून गेली. त्या लाल झाकणावर तिच्या बोटांचं पीठ राहिलं होतं. मी अजून ते पुसलेलं नाही.

त्या दिवसापासून तुझी फार आठवण येते, आई, म्हणून हे लिहायला बसलो. मला वाटायचं, गाणं म्हणायची शिक्षा मला होती. मोरीच्या दाराबाहेर कान देऊन कोण बसलं होतं, याचा विचार मी कधी केलाच नाही. माझी आंघोळ होईपर्यंत तू कुकरसुद्धा लावत नव्हतीस, शिट्टीत माझा आवाज हरवेल म्हणून. हे मला बाबांनी तू गेल्यावर सांगितलं. कडी घालून मला कोंडून ठेवलं असतंस तर तुला किती सोपं झालं असतं! स्वस्थ झोपली असतीस. त्याऐवजी तू सगळं उघडं ठेवलंस आणि स्वतः जागी राहिलीस. मी शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, नोकरी केली, संसार केला. हे सगळं तुझ्या त्या कान देऊन बसण्यावर उभं आहे. हे तुला समोर बसून सांगायचं राहून गेलं.

आणि तो भिलाईचा दिवस. आपण मुलगी बघायला गेलो होतो. मावशीने वाटेत तुला बजावलं होतं की फिटचं काढू नकोस, लग्नानंतर बघता येईल. चहा यायच्या आधीच तू सगळ्यांसमोर सांगितलंस, "पोट्ट्याले फिट येते. डॉक्टरच्या गोया रोज घेते. आता बरेच दिवस आली नाही, पण येणारच नाही असं मी सांगू शकत नाही. लपवून सून नाही नेणार मी." मावशी पंख्याकडे बघत होती. मग ती मुलगीच म्हणाली, "आली त काय करायचं असते?" तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "झोप रे." मी इस्त्रीच्या नव्या शर्टात त्यांच्या सतरंजीवर आडवा झालो. होणारा सासरा खुर्चीतून वाकून बघत होता. तू तिला शिकवलंस, असं कुशीवर वळवायचं, गळ्याचं बटण सोडायचं, तोंडात काही घालायचं नाही, जोडा-बिडा हुंगवायचा नाही, जवळ बसून राहायचं. तिने माझ्या खांद्याला धरून मला कुशीवर वळवलं. लग्नाआधी तिचा हात मला लागला तो एवढाच. तू विचारलंस, "जमन?" आणि ती म्हणाली, "हव." माझं लग्न खरं म्हणजे तिथेच लागलं, सतरंजीवर.

आता उरलेलं सांगतो. दुसऱ्या कोणाला अजून सांगितलेलं नाही. त्या रविवारी हेडफोन कानात नव्हते, गळ्यात होते. आणि पडदे पुन्हा लागले तेव्हा धावपट्टी समोर नव्हती. ती खूप मागे राहिली होती. विमान आपलं आपण सरळ उडत शेतांवरून पुढे गेलं होतं. मला धावपट्टी दिसल्याचं आठवतं आणि अंधार झाल्याचं आठवतं. मधलं काहीच आठवत नाही, तिची हाकसुद्धा नाही. चाकं खाली म्हणायची वेळ येऊन गेली होती आणि मी म्हटलं नव्हतं, म्हणून ती लाटणं टाकून धावत आली. तिला नकाशा वाचता येत नाही. पण गळ्यातले हेडफोन तिला दिसलेच असणार. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यानंतर मी खोलीत बसलो की ती पोळ्या फार हळू लाटते, लाटण्याचा आवाज येत नाही.

पायलट होणार नाहीस, हे तू मला पोळी लाटणं थांबवून सांगितलं होतंस. तिच्या घरी तू चहाचीही वाट पाहिली नाहीस. मी मात्र आठवडाभर हे तुला लिहायचं ठरवत बसलो, कारण तुला सांगणं सोपं आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. मी ते घडी करून तुझ्या मीटरच्या मागे, प्लायवूडच्या फटीत ठेवतो. आत्ताच मी खोलीतून हाक मारली, "अगं, जरा ये, एक सांगायचं आहे." तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "हव, आली."