कोरडी भिंत

४ ऑगस्ट

मातीचं घर धो धो पावसात उभं कसं राहतं? निघताना बाबांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. घरातली पहिली पदवीधर आणि चालली चिखल तुडवायला, असं ते आईला म्हणाले. पण बसपर्यंत बॅग त्यांनीच उचलली. मी नेमकं काय काम करणार हे त्यांना शेजाऱ्यांना सांगता येत नाही. सरळ ‘ऑफिसात आहे’ असं ठोकून देतात. बाईंना हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो.

बाई मला कॉलेजात शिकवायच्या. आता पुरात घरं गेलेल्यांसाठी या डोंगरउतारावर माती, लाकूड आणि गवताच्या झोपड्या उभ्या करतात. दर वर्षी एक विद्यार्थिनी घेतात. यंदा मी. स्टॉपवर त्या स्वतः आल्या होत्या. छत्री माझ्यावर धरली आणि आपण भिजल्या.

माझी झोपडी होईपर्यंत मागच्या वर्षीच्या मुलीच्या झोपडीत राहायचं आहे. तिला मोठी नोकरी लागली, ती परदेशी गेली. बाईंच्या सिमेंटच्या घरात कपड्यांना बुरशी धरते, पण ही झोपडी आत खडखडीत कोरडी. दाराशी भिंतीत तिच्या उजव्या हाताचा पंजा खोल उमटलेला आहे. बांधून झालं की ओल्या मातीत पंजा उमटवायचा, ही इथली सही. मी माझा हात त्यात ठेवून पाहिला. नेमका बसला.

७ ऑगस्ट

दगडाचं जोतं तयारच होतं. मातीत वाळू आणि पेंढा मिसळून मी अनवाणी तुडवते, गोळे करते, थरावर थर चढवते. बाईंचा नियम एकच: एका घराला एकाच माणसाचे हात. दुसऱ्या कुणी मातीला शिवायचं नाही. तंतूंनी भिंत तडकत नाही म्हणून बाईंनी माझी वेणी कापून, बारीक करून चिखलात टाकली. आईनं पाहिलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. मला मात्र अभिमान वाटला.

छप्पर शाकारायला एक मामा येतात. भिंती उठायच्या आधीच लाकडी खांबांवर आढं, वासे आणि गवत चढवतात, म्हणजे खाली माती भिजत नाही. बाईंच्या झोपड्या कधी गळत नाहीत, असंच चाललं तर मला पोराबाळांसकट बाईंच्याच दारात भीक मागावी लागेल, म्हणाले.

खाली वस्तीत जाऊन आले. तिथली लेकरं भिंतीला ‘मावशी’ म्हणतात आणि तिला पाठ लावून झोपतात. ऊब लागते, असं त्यांच्या आईनं सांगितलं. किती गोड!

१६ ऑगस्ट

भिंत कमरेपर्यंत आली. अशा हवेत थर वाळायला आठवडे लागतील असं वाचलं होतं. माझा थर दुसऱ्या सकाळी कोरडा असतो, आणि हाताला कोमट लागतो.

माझे तळवे मात्र भेगाळलेत. रेषा पुसट झाल्यात. फोनला अंगठा ओळखू येईना. बाई म्हणाल्या, कामाचे हात असेच असतात, आणि रोज स्वतः तेल चोळून देतात. लहानपणानंतर इतकी माया कुणी केली नव्हती.

दुपारी मामा पावसात झाडाखाली जेवत होते. आत बोलावलं तर, ओलं बरं, म्हणाले. कशाला घाबरता विचारलं, तर बाईंकडे बोट दाखवून ताट घेऊन उठलेच.

२२ ऑगस्ट

दाराजवळचा पंजा उथळ झालाय. त्यात माझा हात आता बसत नाही. ओलीनं माती फुगली असेल.

पण इथे ओल नाहीच. 

२५ ऑगस्ट

तांब्यावर तांब्या पाणी पिते, तरी घसा कोरडा. घाम येत नाही. पेंढा कापताना विळा बोटाला लागला. रक्त आलं नाही. बारीक, पिवळसर भुकटी सांडली.

लहानपणी चुलीवर भाजल्याचा व्रण माझ्या डाव्या तळहातावर होता. तो आता तिथे नाही. भिंतीवर आहे. छातीच्या उंचीवर, तसाच चंद्रकोरीसारखा. मी बोट ठेवलं तर माझाच तळहात चुरचुरला.

२८ ऑगस्ट

बाईंना विचारलं, आधीची मुलगी कुठे आहे. त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला नाही. वर्गात सांगायच्या तितक्याच शांतपणे म्हणाल्या,

“घर उभं राहायचं तर कुणीतरी घर व्हावं लागतं.”

खाली वस्तीत लेकरं कोरडी झोपतात ती अशीच, म्हणाल्या. लोकांच्या उपयोगी पडायचंय, हे अर्जात मीच लिहिलं होतं ना? मी म्हटलं, पण मीच का, वर्गात हुशार मुली कितीतरी होत्या. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

“तू काय काम करतेस हे तुझ्या घरी कुणाला सांगताही येत नाही, बाळ. शोधायला येणार कोण?”

हे मीच त्यांना सांगितलं होतं. हसत हसत.

त्यानंतर त्यांनी तेलाची वाटी पुढे केली. आणि मी सवयीनं हात पुढे केले —

२९ ऑगस्ट

पहाटे निघाले. वळणापर्यंत टाचा भुगा होऊन गळायला लागल्या. भिंतीपासून जितकी लांब, तितकी — परत आले. फोनच्या काचेला माझं बोटच कळत नाही. मामा येत नाहीत.

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलं होतं. पैकीच्या पैकी गुण.

३० ऑगस्ट

पंजा आता भिंतीतून वर आलाय. बोटांना पेरं आहेत. नखं आहेत.

माझ्या झोपडीला फक्त सही राहिली आहे. बाई उद्या दुपारी येणार, सोबत उभ्या राहणार. गोडाधोडाचं करू म्हणाल्या.

३१ ऑगस्ट

बाबा, उत्तर सापडलं. पण पुढचंही बाईंनीच शिकवलंय — छप्पर नसेल तर मातीची भिंत एका पावसात चिखल.

वस्तीतल्या झोपड्यांना हात लावला नाही. तिथे लेकरं आहेत. तिथल्या भिंतींचं काय ते मला —

बाई बाहेर उभ्या आहेत. छत्री आज स्वतःवरच धरली आहे. अगं तू विरघळशील, म्हणतात. गवताकडे बघून रडतात. गवतासाठी.

विरघळेनही. किंवा माझं मला परत मिळेल. तळव्याला आत्ता ओल लागतेय — खरी ओल —

दाराजवळच्या पंजातून तिची बोटं भिंतीबाहेर आली. हलली. मी माझा हात दिला. तिनं धरलाय. घट्ट. म्हणून हे डाव्या हातानं —

दोन्ही झोपड्यांच्या आढ्यांच्या दोऱ्या मी सकाळीच कापल्या. तिच्याही, माझ्याही. गवत सगळं खाली. पाऊस आत येतोय, भिंत वाहतेय, आता तिचा खांदा